जुन्या पिकअप ट्रकच्या ब्रेक डिस्क बदलताना: हबवरचा गंज, एबीएसची वायर आणि कामाचा क्रम

नव्या डिस्क टाकल्या, नवे पॅड टाकले, काही महिने गाडी छान थांबली आणि मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग पुन्हा थरथरायला लागलं. किंवा काम संपवून गाडी बाहेर काढली आणि डॅशबोर्डवर एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तो विझेचना. जुन्या ट्रकवर हे काम घरी करणाऱ्यांच्या या दोन तक्रारी मी पुन्हा पुन्हा ऐकतो. दोन्ही वेळा दोष नव्या डिस्कला दिला जातो आणि दोन्ही वेळा तो बहुधा तिचा नसतो. पहिल्या तक्रारीचं मूळ डिस्कच्या मागे, हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या मधल्या भागावर) राहून गेलेल्या गंजात असतं. दुसरीचं मूळ असतं काम करताना ओढली गेलेली एक बारीक वायर.

हा लेख हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या पिकअप आणि हलक्या ट्रकसाठी आहे. एअर ब्रेकच्या मोठ्या गाड्यांचं काम पूर्ण वेगळं, त्याला यातलं काही लावू नका. बोल्ट किती टॉर्कला आवळायचे हे तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या; दुसऱ्या गाडीचा आकडा चालत नाही.

टप्पा १ : डिस्क खरंच बदलायची आहे का?

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर (मधल्या उंच भागावर) किमान जाडीचा आकडा ठोकलेला असतो. मायक्रोमीटरने जाडी मोजा. साध्या व्हर्नियरने मोजू नका, कारण त्याचे जबडे डिस्कच्या न झिजलेल्या कडेवर टेकतात आणि जाडी खोटी जास्त दाखवतात. पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यात, गोलाकार सात-आठ ठिकाणी मोजा. कुठेही आकडा किमान जाडीच्या खाली गेला असेल तर डिस्क गेली. खोल चरे, आरपार भेगा किंवा कडेचे टवके दिसले तरी गेली.

थरथरणाऱ्या गाडीत या सात-आठ आकड्यांतला फरकच तुम्हाला कारण सांगतो. एका फेरीत जाडी दोन-अडीच शतांश मिलिमीटरने जरी कमी-जास्त झाली तरी ते पायाला जाणवतं. लोक म्हणतात, ‘डिस्क वाकली’. खरं तर ती असमान झिजलेली असते, आणि का झिजली हे टप्पा ६ मध्ये येईल.

जुने पॅडही बघून घ्या. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना जाम आहेत. एकाच बाजूचं चाक जास्त तापत असेल तर पिस्टन अडकला असेल किंवा ब्रेकची रबरी नळी आतून सुजून बंद झाली असेल. हे न सोडवता नवी डिस्क टाकली तर तीही तशीच खराब होईल.

डिस्क नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंच्या बदला, आणि त्यांच्याबरोबर पॅड नवेच.

टप्पा २ : तुमची डिस्क कोणत्या जातीची आहे ते ओळखा

सुटा भाग मागवायच्या आधी हे करा. जुन्या ट्रकमध्ये तीन प्रकार भेटतात आणि तिन्हींचं काम वेगळं आहे.

पहिला प्रकार सोपा: डिस्क हबच्या बोल्टांवर बाहेरून नुसती बसवलेली असते. कॅलिपर आणि त्याचा ब्रॅकेट काढला की ती बाहेर येते.

दुसरा प्रकार जुन्या टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या पुढच्या चाकांना असतो. हब आणि डिस्क एकाच ओतीव तुकड्याची, आणि चाकाच्या दोन्ही टेपर बेअरिंग त्याच्या पोटात. इथे डिस्क बदलणं म्हणजे बेअरिंग काढून, ग्रीस भरून, पुन्हा सेट करणंही आलं. एबीएसची दातेरी रिंगही (तिच्या दात्यांवरून सेन्सरला चाकाचा वेग कळतो) अनेकदा याच तुकड्याच्या मागे दाबून बसवलेली असते. नवी डिस्क रिंगसकट येते का, हे मागवतानाच पाहा. रिंग नसलेली डिस्क बसवली तर ब्रेक लागतील, पण एबीएस मात्र आंधळा होईल.

तिसरा प्रकार सर्वांत कष्टाचा. डिस्क हबच्या मागे अडकलेली असते आणि पूर्ण हब असेंब्ली काढल्याशिवाय ती सुटत नाही. जड वजनाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकमध्ये हा भेटतो. याला दुप्पट वेळ धरा.

एबीएसचे सेन्सर कुठे कुठे आहेत तेही आत्ताच वाकून पाहा. बऱ्याच जुन्या ट्रकमध्ये पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागे डिफरन्शियलवर मिळून एकच सेन्सर असतो. काही आणखी जुन्या गाड्यांत एबीएस फक्त मागच्या चाकांनाच असतं. तिथे पुढच्या चाकाजवळ सेन्सर शोधत बसू नका.

टप्पा ३ : आदल्या दिवशीची तयारी

जुन्या गाडीवरची बरीचशी मोडतोड घाईतून होते. आदल्या संध्याकाळी कॅलिपर ब्रॅकेटचे बोल्ट, डिस्कला धरून ठेवणारा छोटा स्क्रू, ब्लीडर निपल (कॅलिपरमधली हवा आणि ऑइल बाहेर काढायची छोटी तोटी) आणि डिस्क-हबचा सांधा यांवर गंज सोडवणारं तेल मारा. रात्रभर मुरू द्या. पॅडवर उडालं तरी फिकीर नाही, ते टाकायचेच आहेत. मात्र त्यानंतर गाडी चालवायची नाही.

हाताशी हे ठेवा: जॅक आणि दोन मजबूत जॅक स्टँड, चाकांना लावायला उटी, सहा कोनांचे सॉकेट (बारा कोनांचे गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करतात), लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच, वायर ब्रश, पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर, रबराला चालणारं सिलिकोन ब्रेक ग्रीस, कॅलिपर टांगायला तार, पिचकारी, पारदर्शक नळी आणि बाटली, आणि सीलबंद ब्रेक ऑइल. ऑइल कोणतं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ सिलिकोनचं असतं. ते या दोन्हींत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत त्याला जागा नाही. शक्य असेल तर डायल गेजही (डिस्क फिरताना किती डुलते ते दाखवणारं काट्याचं माप) मिळवा. या कामात विकत किंवा उसनं आणण्यासारखं एकच खास हत्यार निवडायचं झालं तर मी तेच निवडेन.

टप्पा ४ : गाडी उचलणं

१. सपाट, कडक जमिनीवर गाडी लावा. इग्निशन बंद, किल्ली बाहेर. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा.

२. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा.

३. जॅकने उचला, चेसिसच्या ठरलेल्या जागी स्टँड लावा आणि जॅक उतरवून वजन स्टँडवर येऊ द्या. मग गाडीला हाताने जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा बसवा.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली असली की वायर कुठून जाते, क्लिप कुठे बसते, पत्रा कोणत्या तोंडाने आहे, हे बघायला जिवंत नमुना समोर राहतो. तरीही वायरचा मार्ग आधी फोनवर टिपून ठेवा.

इशारा: ब्रेकची धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने भिजवून, खाली भांडं ठेवून धुवा आणि मास्क लावा.

टप्पा ५ : पिस्टन मागे ढकलणं आणि कॅलिपर काढणं

नवे पॅड जाड असल्याने पिस्टन मागे न्यावा लागतो. सर्वसाधारण पद्धत म्हणजे सी-क्लॅम्प लावायचा आणि दाबायचं. एबीएस नसलेल्या गाडीत ते बहुतेक वेळा खपून जातं. एबीएसच्या गाडीत मात्र कॅलिपरमधलं जुनं, काळं पडलेलं ऑइल उलटं जाऊन मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या एबीएसच्या युनिटमध्ये) शिरतं. तिथले व्हॉल्व्ह अतिशय बारीक असतात. कचरा अडकला तर डिस्कच्या कितीतरी पट महागाचा भाग बदलावा लागतो.

म्हणून ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं टोक बाटलीत सोडा, निपल पाव फेरा उघडा, पिस्टन सावकाश मागे दाबा आणि दाब चालू असतानाच निपल बंद करा. घाण बाटलीत जाते, वर जात नाही.

जुन्या ट्रकवर निपल हलायलाच तयार नसतं, ही नेहमीची अडचण. बेताच्या जोराने सुटलं नाही तर जबरदस्ती करू नका. मोडलं की कॅलिपरच बदलावा लागतो. अशा वेळी पिचकारीने टाकीतलं जुनं ऑइल जवळजवळ सगळं काढा (तळ उघडा पडू देऊ नका), नवं थोडं भरा आणि पिस्टन अगदी हळू दाबा. पहिल्या पद्धतीइतकं हे चांगलं नाही, पण मोडलेल्या निपलपेक्षा बरं.

आता कॅलिपर सोडवा आणि तारेने वरच्या स्प्रिंगला किंवा चेसिसला टांगा. नळीवर लटकू देऊ नका. मग ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट काढा. सरकत्या दोन पिना एकसारख्या दिसल्या तरी काही गाड्यांत एकीला टोकाशी रबर असतं. वरची कोणती, खालची कोणती यावर खूण करा.

तपासा: कॅलिपर बाजूला घेताना एबीएसची वायर ताणली जात नाही ना? अनेक गाड्यांत ती ब्रेकच्या नळीलाच क्लिपने बांधलेली असते. ताण दिसला तर आधी क्लिप सोडवा.

टप्पा ६ : जुनी डिस्क काढणं, आणि हब

*बाहेरून बसणारी डिस्क:* धरणारा स्क्रू काढा. टोपीत आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यांत योग्य मापाचे बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. डिस्क स्वतःहून पुढे सरकते. भोकं नसतील तर टोपीवर, चाकाच्या बोल्टांच्या मधल्या जागेत, हातोडा मारा आणि दर काही ठोक्यांनी डिस्क फिरवा. मागून कडेवर घण घालू नका. ते हादरे बेअरिंगला आणि सेन्सरला बसतात. मागचं चाक असेल तर हँडब्रेक सोडलेला हवा. टोपीच्या आत हँडब्रेकचे छोटे शू असतील तर त्यांचा ॲडजस्टर आधी सैल करा, नाहीतर शूच उखडून येतील.

*हबसकट डिस्क:* टोपण, स्प्लिट पिन, नट, वॉशर, बाहेरची बेअरिंग या क्रमाने काढा. डिस्क सरळ रेषेत बाहेर ओढा. तिरकी ओढली तर दातेरी रिंग सेन्सरच्या टोकावर आपटते. बेअरिंग धुऊन पाहा. निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर बेअरिंग आणि तिची बाहेरची कडी दोन्ही नवीन. तेलाचं सील तर नवंच घ्या.

*हबमागची डिस्क:* सेन्सर हबमधून उपटायच्या भानगडीत पडू नका. वायर वर जिथे कनेक्टरला जोडली आहे तिथे सोडवा, सगळ्या क्लिप काढा आणि सेन्सर हबमध्येच राहू देऊन असेंब्ली काढा. ड्राइव्ह शाफ्टचा मोठा नट काढलेला असताना गाडी चाकावर टेकवायची नाही. बेअरिंग खराब होते.

आता ज्या कामासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते काम.

हबच्या ज्या सपाट तोंडावर डिस्क टेकते तिथे गंजाचे पापुद्रे असतात. बोटाला जेमतेम लागणारा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क किंचित कलते, आणि हबच्या छोट्या वर्तुळावरचा तो कल डिस्कच्या मोठ्या कडेवर वाढून दिसतो. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. पण ब्रेक न दाबताही कललेली डिस्क प्रत्येक फेरीला एकाच जागी पॅडला पुसटशी घासत राहते. काही हजार किलोमीटरमध्ये ती जागा पातळ होते आणि थरथर सुरू होते. तोवर आपण काय केलं हे विसरून गेलेलं असतं, आणि ‘डिस्क निकृष्ट होती’ असं ठरतं.

तेव्हा वायर ब्रशने, मग पॉलिश पेपरने, धातू चमकेपर्यंत घासा. प्रत्येक बोल्टच्या बुंध्याशी गोलाकार साफ करा. तिथलाच गंज सगळ्यात जास्त राहतो. मधली उंच कडही घासा. ग्राइंडर लावून धातू उतरवू नका. शेवटी बोट फिरवा आणि टॉर्च तिरका धरून पाहा. मी या एका कामाला प्रत्येक बाजूला पाऊण तास देतो. हबच्या तोंडावर जाड ग्रीस फासू नका. तोही एक थरच आहे.

हबसकट डिस्कला हे तोंडच नसतं, त्यांनी पुढच्या टप्प्यावर जावं.

टप्पा ७ : एबीएसचा सेन्सर

जुन्या गाड्यांतला सेन्सर म्हणजे एक चुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं. समोरून रिंगचे दाते गेले की त्यात वीज निर्माण होते. वेग कमी तसा संकेत दुबळा, आणि सेन्सर-रिंगमधलं अंतर वाढलं तर आणखी दुबळा. सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगून तो थोडा वर उचलला गेला, की गाडी थांबता थांबता संगणकाला वाटतं चाक अडकलं. मग कोरड्या रस्त्यावर अगदी हळू वेगात एबीएस विनाकारण सुरू होतं, पॅडल थडथडतं आणि गाडी हवी त्यापेक्षा पुढे जाते. चौकात हे धोकादायक आहे.

तुमच्या गाडीत असं होत नसेल आणि सेन्सर घट्ट बसलेला असेल तर त्याला हात लावू नका. प्लॅस्टिकचा जाम सेन्सर ओढला की डोकं हातात येतं आणि बुंधा भोकात राहतो. फक्त दिसणारं टोक आणि दाते कापडाने व मऊ ब्रशने पुसा. चुंबकावर लोखंडाचा कीस साचलेला असतो, आणि तुम्ही नुकताच हब घासून त्यात भर घातली आहे. रिंगचा दात तुटला आहे का, रिंगला भेग आहे का, हे एक पूर्ण फेरी फिरवून पाहा.

सेन्सर काढायचाच असेल तर बोल्ट काढून आधी भरपूर तेल, मग बुडाशी धरून थोडं थोडं डावं-उजवं फिरवणं. वायरला धरून कधीच नाही.

टप्पा ८ : नवी डिस्क बसवून मोजणं

१. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं. दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने धुवा आणि स्वच्छ कापडाने पुसा, कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत. त्यानंतर हातमोजे.

२. जुनी-नवी शेजारी ठेवा: व्यास, जाडी, टोपीची उंची, मधलं भोक, रिंगच्या दातांची संख्या. आतले हवेचे पंख तिरके असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते.

३. बाहेरून बसणारी डिस्क चढवा आणि वॉशर लावून चाकाच्या सगळ्या नटांनी समोरासमोरच्या क्रमाने आवळा. नुसती लटकती डिस्क मोजण्यात अर्थ नाही.

४. डायल गेजचं टोक बाहेरच्या कडेपासून साधारण सेंटिमीटरभर आत टेकवा आणि एक फेरी फिरवा. बऱ्याच गाड्यांना ०.०५ मिलिमीटरची मर्यादा असते; तुमची मॅन्युअलमध्ये पाहा. जास्त आलं तर डिस्क काढून एक-दोन बोल्ट पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. तरीही जास्त? हब पुन्हा घासा. त्यानंतरही आकडा हलला नाही तर हब किंवा बेअरिंगमध्ये दोष आहे.

टेपर बेअरिंगच्या हबमध्ये ग्रीस हाताने दाबून रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरा. हब फिरवत फिरवत नट बेताने आवळा म्हणजे रोलर बसतील, मग सैल करा, मग मॅन्युअलप्रमाणे अंतिम जागी आणा. ही बेअरिंग कचकचून आवळायची नसते. अगदी पुसटसा खेळ राहावा लागतो. घट्ट आवळलेली बेअरिंग तापून जळते. स्प्लिट पिन नवी घाला.

टप्पा ९ : ब्रॅकेट, पिना, पॅड

ब्रॅकेटमधली जुनी स्टीलची क्लिप काढा, तिच्याखालचा गंज घासा, नवी क्लिप बसवा. पॅड तिथे बोटांनी सरकला पाहिजे. हातोड्याने बसवावा लागत असेल तर गंज राहिला आहे. पिना पुसून सिलिकोन ग्रीसचा पातळ थर द्या. साधं पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवतं आणि सहा महिन्यांत पिन जाम होते. फाटका रबरी बूट तसाच वापरू नका.

ब्रॅकेटचे बोल्ट स्वच्छ करून, मॅन्युअल सांगत असेल तर आटे धरणारं लॉकर लावून, टॉर्क रेंचने आवळा. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. कॅलिपर चढवताना नळीला पीळ पडला नाही ना ते पाहा.

तपासा: वायरच्या सगळ्या क्लिप मूळ जागी आहेत का? स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि कोणाला तरी पाहायला सांगा: वायर ताणली जाते का, डिस्कला किंवा टायरला लागते का?

टप्पा १० : चाक, पॅडल, हवा

चाकाच्या रिमची आतली बैठकही ब्रशने घासा. नट हाताने लावा, समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने आवळा. इम्पॅक्ट गनने वाटेल तसे आवळलेले नट नवी डिस्क आणि हब दोन्ही ताणून वाकडे करतात. एवढं घासून मोजून केलेलं काम शेवटच्या दोन मिनिटांत वाया जातं.

इशारा: गाडी सुरू करण्याआधी पॅडल दाबा. पहिले काही दाब पोकळ जातील, कारण पिस्टन मागे आहेत. छोटे छोटे दाब द्या, तळापर्यंत नेऊ नका: जुन्या मास्टर सिलिंडरच्या कधी न वापरलेल्या भागात गंज असतो आणि तिथे गेलं की आतलं सील फाटतं. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला तर निश्चिंत. पॅडल कडक होईपर्यंत गाडी गिअरमध्ये टाकायची नाही.

निपल उघडलं असेल तर त्या चाकाच्या ब्रेकमधली हवा काढा आणि टाकीतलं ऑइल किमान खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. टाकी रिकामी झाली तर हवा एबीएस युनिटमध्ये शिरते आणि बऱ्याच गाड्यांत ती काढायला स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात.

टप्पा ११ : पॅड बसवणं

मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० च्या सुमारास जाऊन मध्यम दाबाने १० पर्यंत आणा, पूर्ण थांबू नका. अर्धं मिनिट चालवा आणि पुन्हा. असं आठ-दहा वेळा. पॅडच्या पाकिटावर वेगळी पद्धत दिली असेल तर तीच धरा. एबीएस सुरू होईल इतक्या जोराने दाबू नका. नंतर काही किलोमीटर शक्य तितका ब्रेक न वापरता डिस्क गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा त्या जागी चिकटतो.

दुसऱ्या दिवशी चाकाचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि निपलाभोवती ओल आहे का पाहा.

एबीएसचा दिवा लागलाच तर

आधी कनेक्टर. काढलेला असेल तर पूर्ण बसला आहे का, पिन वाकली आहे का. मग कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने दोन्ही बाजूंच्या सेन्सरचा रोध मोजा आणि एकमेकांशी तुलना करा. जुन्या प्रकारच्या सेन्सरचा रोध बहुधा एक-दोन हजार ओहमच्या आसपास असतो. एका बाजूला मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. रोध बरोबर असेल तर मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवा. दोन्ही बाजू सारख्या वेगाला साधारण सारखा आकडा देतात. एक बाजू दुबळी असेल तर सेन्सरखालचा गंज किंवा रिंगवरची घाण तपासा. दिवा फक्त चालवताना, वळणावर लागत असेल तर वायर आतून तुटली आहे आणि स्टिअरिंग वळलं की टोकं सुटतात. मीटर लावून ठेवून वायर बोटांनी वाकवत गेलात की ती जागा सापडते.

एबीएसचा दिवा लागला तरी साधे ब्रेक बहुधा चालू राहतात. पण त्याच्या जोडीला लाल ब्रेकचा दिवाही लागला, किंवा पॅडल मऊ वाटलं, तर गाडी तिथेच उभी करा आणि ब्रेक ऑइलची पातळी व प्रत्येक चाकामागची गळती पाहिल्याशिवाय हलवू नका.